संगणकातील व्हायरस : आधी बॅकअप, मग अपडेट आणि शेवटी अँटीव्हायरस

प्रवेशाचे आणि भरतीचे फॉर्म सुरू झाले, की नागपुरात महालापासून नंदनवनापर्यंत झेरॉक्सच्या प्रत्येक दुकानासमोर गर्दी होते. दुकानात संगणक एक किंवा दोन, आणि त्यांना सकाळपासून रात्रीपर्यंत येईल त्याचा पेनड्राइव्ह लागत असतो. प्रिंट काढून घरी आलेला माणूस तोच पेनड्राइव्ह आपल्या लॅपटॉपला लावतो, तेव्हा त्याला सगळे फोल्डर जागच्या जागी दिसतात. मात्र नीट पाहिले, तर प्रत्येक फोल्डरच्या चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक लहानसा वाकडा बाण आलेला असतो. हा बाण म्हणजे शॉर्टकटची, म्हणजे दुसरीकडे असलेली फाइल किंवा फोल्डर उघडून देणाऱ्या चिन्हाची, खूण. मूळ फोल्डर व्हायरसने लपवून टाकलेले असतात आणि त्यांच्याच नावांचे शॉर्टकट समोर मांडून ठेवलेले असतात. त्यावर डबल क्लिक केले, की आधी व्हायरसची स्क्रिप्ट, म्हणजे आदेशांची छोटी फाइल, चालते, ती लॅपटॉपमध्ये आपली प्रत ठेवते आणि त्यानंतर खरा फोल्डर उघडून देते. फोल्डर उघडल्यामुळे काही वावगे घडल्याचा पत्ताच लागत नाही. त्या लॅपटॉपला पुढे जो जो पेनड्राइव्ह लागेल, त्याची हीच गत होते आणि मग एखाद्या संध्याकाळी फोन येतो, "भाऊ, सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन राहिले, काऊन?"

ओळखीतल्या काही घरांचे, रामदासपेठेतल्या दोन दवाखान्यांचे आणि इतवारी-गांधीबागेतल्या काही पेढ्यांचे संगणक मी सांभाळतो. अशा फोननंतरचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : अँटीव्हायरस कोणता टाकू? प्रश्न गैर नाही, पण तो सर्वांत आधी विचारला जातो आणि तेथेच गाडी थांबते, हे गैर आहे. पैसे भरून अँटीव्हायरस घेतला की लोक निर्धास्त होतात आणि बॅकअपचे, म्हणजे फाइलींची जादा प्रत काढून ठेवण्याचे, 'पुढे पाहू' म्हणून राहून जाते. या लेखात मी क्रम उलटा ठेवला आहे. सांगितलेल्या पायऱ्या विंडोज ११ साठी आहेत. विंडोज १० मध्येही जवळजवळ सगळे पर्याय आहेत, फक्त काहींची जागा वेगळी आहे.

व्हायरस म्हणजे नेमके काय

व्हायरस हा कोणीतरी लिहिलेला प्रोग्रॅमच असतो. तो दुसऱ्या प्रोग्रॅमला किंवा फाइलला चिकटतो आणि ती चालवली गेली, की स्वतःच्या प्रती पुढे चिकटवत जातो. तो आपोआप 'हवेतून' येत नाही. त्याला चालण्यासाठी कोणीतरी ती फाइल उघडावी लागते किंवा यंत्रणेत एखादी उघडी फट सापडावी लागते. फ्रेड कोहेन या अमेरिकी संशोधकाने १९८३-८४ च्या सुमारास अशा प्रोग्रॅमचा शास्त्रीय अभ्यास मांडला आणि प्रत्येक व्हायरस अचूक ओळखू शकेल असा प्रोग्रॅम तयारच होऊ शकत नाही, हेही त्याने गणिताने दाखवले. अँटीव्हायरसच्या खोक्यावर शंभर टक्के सुरक्षेची भाषा दिसली, तर एवढे आठवावे.

आयबीएम पीसीवर गाजलेला पहिला व्हायरस 'ब्रेन' हा १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी वाचल्या जाणाऱ्या भागात, बसत असे, आणि त्यात त्या दोघांनी स्वतःचे नाव, पत्ता आणि फोन क्रमांकही घातला होता. आज असा सरळपणा कोणी दाखवत नाही, कारण मधल्या काळात या उद्योगाचा हेतू गंमत किंवा फुशारकी न राहता पैसा हा झाला आहे.

बोलताना आपण सगळ्यालाच व्हायरस म्हणतो आणि त्यात फारसे बिघडत नाही, पण बचाव करताना प्रकार माहीत असलेले बरे. वर्म स्वतःहून नेटवर्कवरून एका संगणकातून दुसऱ्यात जातो. ट्रोजन एखाद्या उपयोगी प्रोग्रॅमचे सोंग घेऊन येतो. फुकटात मिळालेले 'क्रॅक' केलेले सॉफ्टवेअर हे त्याचे सर्वांत आवडते सोंग आहे. कीलॉगर तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ टिपतो. माहिती चोरणारे प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकी (तुम्ही आधीच लॉगिन केले आहे हे संकेतस्थळाला सांगणाऱ्या लहान नोंदी) काही सेकंदांत उचलून पाठवतात व पुष्कळदा त्यानंतर स्वतःला पुसूनही टाकतात, त्यामुळे संगणक अजिबात मंद होत नाही आणि संशयही येत नाही. रॅन्समवेअर तुमच्या फाइलींना कुलूप लावतो आणि किल्लीसाठी खंडणी मागतो. 'कॉम्प्युटर स्लो झाला म्हणजे व्हायरस आला' हा समज म्हणूनच दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे : मंद झालेल्या बहुतेक जुन्या संगणकांना जास्त रॅम (कामापुरती मेमरी) किंवा एसएसडी (वेगवान डिस्क) हवी असते, आणि खरोखर घातक प्रकार शांतपणे काम करून निघून जातात.

पहिली पायरी : बॅकअप, आणि तो वेगळ्या डिस्कवर

इतवारीतल्या एका धान्याच्या पेढीवर मार्चअखेरच्या आठवड्यात मला बोलावले होते. हिशेबाचे टॅली हे सॉफ्टवेअर उघडत नव्हते. डेटाच्या फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलच्या नावाला चार इंग्रजी अक्षरांची नवी शेपटी लागली होती आणि प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची एक चिठ्ठी होती. दोन दिवसांपूर्वी पेढीवरच्याच एका मुलाने बिलाचा आराखडा करण्यासाठी कुठूनतरी फुकटातले डिझाइनचे सॉफ्टवेअर उतरवले होते, आणि ते चालेना म्हणून दिलेल्या सूचनेप्रमाणे अँटीव्हायरस थोडा वेळ बंद केला होता. मुनीमजी मात्र शांत होते. "डी ड्राइव्हवर रोजचा बॅकअप घेऊन राहिलो ना आपण," असे म्हणून त्यांनी डी ड्राइव्ह उघडला. तेथेही प्रत्येक फाइलला तीच शेपटी होती.

सी आणि डी ही बहुतेक संगणकांत एकाच डिस्कची दोन दालने असतात. आपल्या संगणकात काय आहे हे पाहायचे असेल, तर स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. खालच्या भागात 'डिस्क ०' असे लिहिलेल्या एकाच पट्टीत सी आणि डी शेजारी-शेजारी दिसले, तर ती एकच डिस्क आहे असे समजावे. अर्थात रॅन्समवेअरला याच्याशीही देणेघेणे नसते. संगणकाला त्या क्षणी जी जी जागा जोडलेली दिसते, म्हणजे डी ड्राइव्ह, लावून ठेवलेली बाहेरची हार्डडिस्क, शेजारच्या संगणकावरचे शेअर केलेले फोल्डर, त्या सगळ्यांवर तो हात टाकतो. म्हणून बॅकअपची खरी कसोटी एकच आहे : हल्ल्याच्या वेळी ती प्रत संगणकापासून सुटी होती का?

घरासाठी आणि लहान पेढीसाठी मी सांगतो ती पद्धत साधी आहे. बाहेरच्या दोन हार्डडिस्क घ्याव्यात आणि त्यांवर 'अ' व 'ब' असे लिहावे. एका आठवड्यात 'अ' लावायची, कामाचे फोल्डर त्यावर तारखेच्या नावाने नवे फोल्डर करून उतरवायचे आणि लगेच 'सेफली रिमूव्ह' करून काढून ठेवायची. पुढच्या आठवड्यात 'ब'. जुन्या प्रतीवर नवी प्रत चढवू नये, कारण बिघडलेली फाइल चांगल्या फाइलवर चढली, तर बॅकअप असूनही नसल्यासारखाच होतो. जागा भरली, की सर्वांत जुने फोल्डर काढावे. दोनपैकी एक डिस्क दुकानात आणि एक घरी ठेवावी, म्हणजे चोरी आणि आग यांचाही विचार त्यातच होतो. ती गाडीच्या डिकीत मात्र ठेवू नये. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या आपल्या शहरात बंद गाडीची काय भट्टी होते, हे सांगायला नको.

काय काय उतरवायचे, याची यादी एकदा कागदावर लिहून काढावी. 'डॉक्युमेंट्स' आणि 'डेस्कटॉप' सर्वांच्या लक्षात असतात. टॅलीच्या डेटाचा फोल्डर, ईमेल प्रोग्रॅममधला जुना पत्रव्यवहार आणि फोनमधून उतरवलेले फोटो विसरले जातात. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह असेल तर उत्तम, परंतु ती सेवा संगणकावरचा बदल जसाच्या तसा वर चढवते, म्हणजे कुलूप लागलेली फाइलही इमानेइतबारे वर जाते. गूगल ड्राइव्हवर फाइलच्या जुन्या आवृत्त्या साधारणपणे ३० दिवस परत मिळवता येतात, पण हजारो फाइलींसाठी तसे करणे जिकिरीचे आहे. त्यामुळे क्लाउड ही तिसरी प्रत समजावी, पहिली नव्हे.

आणि दर तीन महिन्यांनी बॅकअपमधली एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. हे काम कोणीच करत नाही. मीही पूर्वी करत नसे आणि एकदा वर्षभराचा बॅकअप रिकाम्या फोल्डरचा निघाल्यावर करू लागलो. मोठ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समधील सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तेव्हा तेथील नोंदणीचे आणि तपासण्यांचे काम कित्येक दिवस कागदावर करावे लागले होते.

दुसरी पायरी : अपडेट

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचे रॅन्समवेअर जगभर पसरले. ब्रिटनच्या आरोग्यसेवेतली रुग्णालयेही त्यात अडकली. ज्या फटीतून ते आत शिरत होते, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये, म्हणजे दोन महिने आधी दिलेले होते. ते ज्यांनी बसवले होते त्यांच्या संगणकांत वॉनाक्राय त्या फटीतून शिरू शकले नाही. यात कोणी कोणत्याही फाइलवर क्लिक करण्याची गरज नव्हती, ही गोष्ट 'मी काही उघडतच नाही, मला काय होणार' असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावी.

'सेटिंग्ज' उघडून 'विंडोज अपडेट' मध्ये जावे, 'चेक फॉर अपडेट्स' दाबावे आणि जे येईल ते बसवून संगणक पुन्हा सुरू करावा. पुष्कळ जण येथे चुकतात : ते रात्री लॅपटॉपचे झाकण तेवढे मिटतात, आणि अपडेट उतरून रीस्टार्टची वाट पाहत आठवडाभर पडून राहते. 'ॲक्टिव्ह अवर्स' मध्ये आपल्या कामाच्या वेळा घातल्या, की ऐन ग्राहकासमोर संगणक रीस्टार्ट होत नाही. ब्राउझर, पीडीएफ वाचणारा प्रोग्रॅम, ऑफिस आणि घरच्या वायफाय राउटरचे फर्मवेअर (त्याच्या आतले सॉफ्टवेअर) यांनाही अपडेट लागतात.

विंडोज ७ ला मिळणारी नेहमीची सुरक्षा-अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ला मिळणारी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज १० साठी मर्यादित काळापुरती वाढीव सुरक्षा-अपडेट योजना आहे. ती घेतली नसेल तर त्या संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या जुन्या संगणकावर विंडोज ११ चालत नाही आणि ज्यावर फक्त टायपिंग व इंटरनेट एवढेच काम आहे, त्यावर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही मोफत यंत्रणा टाकून देण्याचा मार्ग मी अलीकडे अनेकदा पत्करतो. विंडोज 'ॲक्टिव्हेट' करून देणारे फुकटातले प्रोग्रॅम मात्र कोणीही आणून दिले, तरी वापरू नयेत; ज्याला चालवण्यासाठी आधी अँटीव्हायरस बंद करावा लागतो, असा प्रोग्रॅम कशासाठी आला आहे हे वेगळे सांगायला नको.

तिसरी पायरी : रोजच्या कामासाठी साधे खाते

नवा लॅपटॉप सुरू करताना जे पहिले खाते तयार होते, ते ॲडमिनिस्ट्रेटरचे असते आणि बहुतेक घरांत तेच एक खाते आयुष्यभर चालते. ॲडमिनिस्ट्रेटर असताना चाललेला व्हायरस यंत्रणेतल्या मूळ फाइली बदलू शकतो आणि अँटीव्हायरस बंद करण्याचाही प्रयत्न करू शकतो. साध्या खात्यात तेच करायला त्याला पासवर्ड मागावा लागतो, आणि अचानक पासवर्ड मागितला गेला, की माणूस थबकतो.

'सेटिंग्ज' मधल्या 'अकाउंट्स' मध्ये 'अदर यूजर्स' उघडून 'ॲड अकाउंट' दाबावे, 'देखभाल' अशा एखाद्या नावाने नवे खाते तयार करावे, त्याला पासवर्ड द्यावा आणि 'चेंज अकाउंट टाइप' मधून ते ॲडमिनिस्ट्रेटर करावे. त्यानंतर आपल्या खात्यातून बाहेर पडून 'देखभाल' मध्ये लॉगिन करावे आणि तेथून आपले रोजचे खाते 'स्टँडर्ड यूजर' करावे. क्रम उलटा करू नये. 'देखभाल' चा पासवर्ड डायरीत लिहून ती डायरी कपाटात ठेवावी. पासवर्ड लिहू नयेत असे सांगतात ते ऑफिसातल्या टेबलासाठी खरे आहे, घरातल्या कपाटासाठी नव्हे. तुमच्या स्वतःच्या कागदपत्रांना रॅन्समवेअरपासून साधे खाते वाचवू शकत नाही, कारण त्या फाइली बदलण्याचा अधिकार तुम्हालाच असतो. म्हणूनच बॅकअपची पायरी पहिली.

चौथी पायरी : फाइलचे खरे आडनाव पाहण्याची सवय

मे २००० मध्ये फिलिपिन्समधून निघालेला 'आय लव्ह यू' हा वर्म प्रेमपत्राच्या नावाने ईमेलमधून पसरला. फाइलच्या नावातल्या शेवटच्या टिंबानंतरचा भाग तिचा प्रकार सांगतो; त्यालाच मी आडनाव म्हणतो. या फाइलच्या नावात शेवटी 'टीएक्सटी' दिसत होते, म्हणजे साधा मजकूर. प्रत्यक्षात त्यापुढे 'व्हीबीएस' हे स्क्रिप्टचे आडनाव होते, पण विंडोज ओळखीच्या फाइलींची आडनावे लपवत असल्यामुळे ते दिसत नव्हते. विंडोज ती आडनावे आजही लपवते. मला या एका गोष्टीचा जितका राग येतो, तितका कोणत्याही व्हायरसचा येत नाही.

तेव्हा फाइल एक्सप्लोरर उघडून 'व्ह्यू' मध्ये 'शो' आणि त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' वर खूण करावी. आता प्रत्येक फाइलच्या नावात शेवटच्या टिंबानंतर काय आहे ते दिसेल. ईएक्सई, एससीआर, बॅट, व्हीबीएस, जेएस, एमएसआय आणि एचटीए ही आडनावे चालणाऱ्या प्रोग्रॅमची आहेत. बिल, बायोडाटा, नोटीस किंवा लग्नपत्रिका कधीही या आडनावाने येत नाही. पुढे पीडीएफ आणि त्यापुढे ईएक्सई असे दुहेरी नाव दिसले, तर फाइल न उघडता काढून टाकावी. झिप फाइल पासवर्डसह आली आणि पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहिला असेल, तर तो पुष्कळदा केवळ अँटीव्हायरसला आत पाहता येऊ नये म्हणून दिलेला असतो. वर्ड किंवा एक्सेलची फाइल उघडल्यावर 'एनेबल कंटेंट' दाबा असे फाइलच सांगत असेल, तर दाबू नये. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आतच दडलेले छोटे प्रोग्रॅम, मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपणहून अडवायला सुरुवात केली, ती याच कारणासाठी. मोबाइलवर हाच नियम एपीके या, अँड्रॉइड ॲपच्या फाइलीच्या, आडनावाला लागतो. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, वाहतुकीचे ई-चलान किंवा शेतकरी योजनेची यादी म्हणून एपीके आली, तर ती पाठवणाऱ्याचा फोन बहुधा आधीच लागण झालेला असतो, मग तो सख्खा मामा का असेना.

सध्या एक नवी युक्ती फिरत आहे आणि ती ओळखण्यासाठी कोणतेही आडनाव उपयोगी पडत नाही. एखादे संकेतस्थळ 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणते आणि पुढे तीन सूचना देते : विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर दाबा. पहिल्या सूचनेने 'रन' ची चौकट उघडते, दुसरीने त्या संकेतस्थळाने गुपचूप कॉपी करून ठेवलेला आदेश तेथे चिकटतो आणि तिसरीने तो तुमच्याच हाताने चालतो. खरी तपासणी चित्रे निवडायला किंवा चौकोनात खूण करायला सांगते; कीबोर्डवरची कळ दाबून 'रन' उघडायला ती कधीही सांगत नाही. त्याचप्रमाणे पडदाभर लाल सूचना, जोराचा भोंगा आणि 'मायक्रोसॉफ्ट' चा म्हणून एक फोन क्रमांक दिसू लागला, तर ते ब्राउझरचे एक पान असते, व्हायरस नव्हे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून 'टास्क मॅनेजर' उघडावे, त्यातून ब्राउझर बंद करावा आणि त्या क्रमांकावर फोन करू नये.

पाचवी पायरी : पेनड्राइव्हचा व्यवहार

पूर्वी पेनड्राइव्ह लावताक्षणी त्यातला प्रोग्रॅम आपोआप चालत असे. विंडोज ७ मध्ये ती सोय बंद झाली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी व व्हिस्टासाठीही तसे अपडेट आले. शॉर्टकटची युक्ती त्यानंतर बोकाळली, ती यासाठी, की आता व्हायरसला तुमच्या क्लिकची गरज आहे.

दुकानात प्रिंट काढायची, तर त्यासाठी एक लहान, वेगळा पेनड्राइव्ह ठेवावा, त्यात फक्त त्या दिवसाची पीडीएफ असावी आणि घरी आल्यावर काहीही न उघडता त्यावर राइट क्लिक करून 'फॉरमॅट' करावे. दुकानातल्या संगणकावर स्वतःच्या ईमेलमध्ये लॉगिन करणे त्याहून धोक्याचे आहे. पेनड्राइव्ह पुसता येतो, टिपला गेलेला पासवर्ड परत घेता येत नाही.

फोल्डरांचे शॉर्टकट झालेच असतील, तर घाबरून लगेच फॉरमॅट करू नये. तुमच्या फाइली बहुधा त्यातच असतात. निरोगी संगणकावर पेनड्राइव्ह लावून आधी त्याची अँटीव्हायरसने तपासणी करावी. मग फाइल एक्सप्लोररच्या 'ऑप्शन्स' मध्ये 'व्ह्यू' हा भाग उघडून 'शो हिडन फाइल्स' निवडावे आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' वरची खूण काढावी. आता फिकट रंगाचे खरे फोल्डर दिसू लागतील. कधीकधी सगळे सामान नाव नसलेल्या एकाच फोल्डरमध्ये कोंबलेले असते. त्या फोल्डरमधली फक्त आपली कागदपत्रे आणि फोटो संगणकावर कॉपी करावेत, बाण असलेल्या कशालाही हात लावू नये, आणि त्यानंतर पेनड्राइव्ह फॉरमॅट करून काढलेली खूण पुन्हा जागेवर ठेवावी. ज्या लॅपटॉपवर आधी क्लिक झाले होते तो साफ केला नाही, तर हा खटाटोप दर आठवड्याला करावा लागेल.

सहावी पायरी : आता अँटीव्हायरस

अँटीव्हायरस मुख्यतः दोन प्रकारे काम करतो. माहीत असलेल्या व्हायरसांच्या खुणा तो फाइलींशी ताडून पाहतो, आणि एखादा प्रोग्रॅम पाठोपाठ शेकडो फाइली बदलू लागला, तर त्याच्या वागणुकीवरून संशय घेतो. खुणांची यादी रोज ताजी हवी, अन्यथा पहिला प्रकार निकामी होतो. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटीव्हायरस विंडोजमध्येच येतो, आणि घरगुती वापरासाठी तो पुरेसा आहे असे माझे मत आहे. पुण्याच्या काटकर बंधूंनी उभे केलेले क्विक हील आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. ते किंवा दुसरे कोणतेही घेतले तरी चालेल, पण एका वेळी एकच. दोन अँटीव्हायरस एकमेकांच्या पायात पाय घालतात.

लॅपटॉपसोबत काही महिन्यांसाठी फुकट आलेला अँटीव्हायरस हा यातला छुपा घोटाळा आहे. मुदत संपली, की त्याच्या खुणांची यादी शिळी होत जाते आणि मालक कोपऱ्यातले चिन्ह पाहून निश्चिंत असतो. पैसे भरायचे नसतील तर तो काढून टाकावा. मग विंडोजचा अँटीव्हायरस सुरू होतो. झाला की नाही हे 'विंडोज सिक्युरिटी' मधल्या 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' मध्ये दिसते. तेथे 'रिअल टाइम प्रोटेक्शन' आणि 'टॅम्पर प्रोटेक्शन' दोन्ही चालू असावेत. त्याच पानावर खाली 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन' मध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' आहे. ते चालू केले, की अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांत फेरफार करता येत नाही. टॅलीच्या डेटाचा फोल्डर त्यात स्वतः जोडावा लागतो आणि एखादा चांगला प्रोग्रॅम अडला, तर त्याला परवानगी द्यावी लागते. पहिले दोन-चार दिवस कटकट होते, नंतर विसरायला होते.

एखाद्या फाइलबद्दल शंका असेल, तर ती व्हायरसटोटल या संकेतस्थळावर टाकल्यास अनेक अँटीव्हायरसांचे मत एकत्र मिळते. आधार किंवा बँकेची कागदपत्रे मात्र तेथे चढवू नयेत, कारण ती इतरांनाही पाहता येऊ शकतात.

लागण झालीच तर

सर्वांत आधी नेटची वायर काढावी किंवा वायफाय बंद करावे, आणि बॅकअपची डिस्क त्या संगणकाजवळही आणू नये. घाईघाईत ती लावून उरलासुरला बॅकअप गमावल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. पडद्यावर चिठ्ठी किंवा सूचना असेल, तर मोबाइलने तिचा फोटो काढावा. त्यानंतर दुसऱ्या, निरोगी उपकरणावरून आधी ईमेलचा आणि मग बँकेचा पासवर्ड बदलावा आणि ईमेलच्या सुरक्षा-सेटिंगमध्ये जाऊन इतर सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करावे, कारण कुकी चोरीला गेली असेल तर केवळ पासवर्ड बदलून चोर बाहेर पडेलच असे नाही. खात्यातून पैसे गेले असतील, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, बँकेला कळवावे आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी; येथे मिनिटांना किंमत असते. नागपूर शहर पोलिसांचे स्वतंत्र सायबर पोलीस ठाणे आहे. दुसऱ्याच्या संगणकात अप्रामाणिकपणे व्हायरस घालणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

साध्या लागणीसाठी 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' मधल्या 'स्कॅन ऑप्शन्स' मध्ये जाऊन 'ऑफलाइन स्कॅन' निवडावा. संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज चालू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसणाऱ्या व्हायरसला बचावाची संधी मिळत नाही. त्यासाठी साधारण पंधरा मिनिटे लागतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही सफाईची मोफत साधने मिळतात.

रॅन्समवेअर किंवा पासवर्ड चोरणारा प्रकार असेल, तर मी सफाईच्या भानगडीत पडत नाही. निरोगी संगणकावरून मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरचे साधन वापरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज तयार करावे, लागण झालेल्या संगणकाची जुनी दालने पुसून ते नव्याने बसवावे, सगळे अपडेट घ्यावेत, साधे खाते तयार करावे, आणि त्यानंतरच बॅकअपची डिस्क लावून, आधी तिची तपासणी करून, फाइली परत आणाव्यात. प्रोग्रॅम जुन्या डिस्कवरून न घेता ज्याच्या त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावेत.

खंडणी भरू नये, कारण पैसे घेऊन किल्ली मिळेलच याची हमी कोणी देत नाही. कुलूप लागलेल्या फाइली मात्र पुसण्याआधी एका वेगळ्या डिस्कवर काढून ठेवाव्यात. युरोपोल, डच पोलीस आणि काही सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर अनेक प्रकारांच्या किल्ल्या मोफत मिळतात, आणि गुन्हेगार पकडले गेले किंवा त्यांची चूक सापडली, की नव्या किल्ल्यांची भर पडते.

इतवारीतल्या त्या पेढीचे वर्षभराचे हिशेब मुनीमजींनी कागदी बिले, बँकेचे उतारे आणि जीएसटीची भरलेली विवरणपत्रे समोर ठेवून पुन्हा टॅलीत चढवले. त्याला दीड महिना लागला. कुलूप लागलेल्या फाइलींची डिस्क त्यांच्या लोखंडी कपाटात चिठ्ठी चिकटवून ठेवलेली आहे. तेथे गेलो, की मी त्या चार अक्षरी शेपटीची किल्ली आली आहे का ते पाहतो. अजून आलेली नाही. मुनीमजी मात्र आता दर शनिवारी संध्याकाळी डिस्क काढून पिशवीत घालतात आणि शटर ओढण्याआधी वहीत 'अ' किंवा 'ब' लिहून पुढे सही करतात.